शिक्का खरा, कागद खोटा

गणपती बसायच्या महिनाभर आधी आमच्या मंडळाच्या खोलीत स्मरणिकेची लगबग सुरू होते. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर अशा गावागावांतून सभासदांचे लेख, कविता, जाहिराती आणि त्या वर्षी आपल्यातून गेलेल्यांचे फोटो येतात. पूर्वी हे साहित्य पोस्टाने येई, नाहीतर बसच्या कंडक्टरच्या हाती पाकीट दिले जाई. आता सगळे फाइलच्या रूपाने येते. आलेली प्रत्येक फाइल तपासल्याशिवाय उघडायची नाही, असा आमचा नियम आहे.

नव्याने समितीत आलेल्या मुलांना तो जाचक वाटतो. "अहो काका, आपल्याच माणसाचा लेख आहे. त्यात काय तपासायचं?" असे ती विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना आम्हांला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या बीदरची आणि दुसरी आमच्याच खोलीतली, २०१९ सालची. यंदाच्या स्मरणिकेत त्या दोन्ही लिहून ठेवत आहोत.

महमूद गवानचे पत्र

बीदरला आलेल्या पाहुण्याला आपण किल्ला दाखवतो आणि मग महमूद गवानच्या मदरशाकडे नेतो. १४७२ साली बांधलेली ती इमारत, तिचा उरलेला एक मिनार आणि त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशा पाहुणा बघत राहतो. मिनार एकच का, असे त्याने विचारले की १६९६ सालच्या दारूगोळ्याच्या स्फोटाची गोष्ट निघते. ज्ञानाच्या घरात दारूगोळा साठवला, तो उडाला आणि अर्धी वास्तू घेऊन गेला.

ज्याने ती वास्तू उभारली त्याचा शेवट मात्र दारूने झाला नाही, एका कागदाने झाला. महमूद गवान हा इराणातल्या गीलान प्रांतातून व्यापारासाठी आलेला माणूस. बहमनी राज्याचा तो मुख्य वजीर झाला. मोठ्या सरदारांच्या ताब्यातले चार प्रांत तोडून त्याने आठ केले, किल्ल्यांवरची त्यांची सत्ता कमी केली. साहजिकच दरबारात त्याचे वैरी वाढले. या वैऱ्यांनी गवानच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला हाताशी धरले आणि एका कागदावर गवानचा शिक्का उठवून घेतला. नंतर त्या कागदावर मजकूर लिहिला गेला. ओरिसाच्या राजाने बहमनी राज्यावर चालून यावे, असे निमंत्रण देणारे ते पत्र होते. पत्र सुलतान तिसरा मुहम्मदशहा याच्यासमोर आले. त्याने गवानला बोलावून कागद दाखवला. शिक्का माझा आहे, पण पत्र माझे नाही, असे गवानने सांगितल्याचे इतिहासकार लिहितात. सुलतानाने पुढे काही विचारले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सत्तरीच्या त्या वजिराचा शिरच्छेद झाला. खरा प्रकार कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला. पण वर्षभरात तोही गेला आणि पुढे बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले.

कपट करणाऱ्यांनी शिक्का बनावट केला नव्हता. शिक्का अस्सल होता आणि म्हणूनच कागद विश्वासार्ह वाटला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे संगणकाच्या गोष्टीत ती पुन:पुन्हा भेटणार आहे.

शिक्का आणि मोर्तब

मराठी कारभारात या धोक्यावर एक साधा उपाय रूढ होता. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का उमटे. मजकूर जेथे संपला तेथे दुसरा, लहान शिक्का उमटे, त्याला मोर्तब म्हणत. शिवाजी महाराजांच्या पत्रांत या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. मजकुराची मर्यादा येथे संपली, याच्याखाली कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती आमची नाही, असा त्याचा अर्थ. लांबलचक पत्रांत एका कागदाला दुसरा चिकटवत, तेव्हा त्या सांध्यावरही शिक्का उठवला जाई, म्हणजे मधला कागद काढून दुसरा घालता येऊ नये.

आपण आजही 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणतो, पण त्यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत हे विसरतो. शिक्का सांगतो, कागद कोणाचा. मोर्तब सांगते, तो जसा निघाला तसाच पोहोचला का. घरच्या संगणकावर उतरवून घेतलेली फाइल तपासायची म्हणजे हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. त्याला तिसरा जोडायचा: हा कागद उघडल्यावर घरात काय करणार आहे?

फ्लॉपीचे दिवस

आपल्या भागातल्या घरांत संगणक यायला १९९०चे दशक उजाडले. त्याआधीच संगणकाचे विषाणू जन्माला आले होते. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना धडा मिळावा, असा त्यांचा हेतू होता. त्यात त्यांनी स्वत:चे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. फ्लॉपी हाताहातांतून फिरत गेल्या आणि विषाणू त्यांच्याबरोबर जगभर पोहोचला. १९९२ साली 'मायकेलअँजेलो'ची भीती पसरली. ६ मार्चला संगणक सुरू केला तर डिस्कवरची माहिती पुसली जाईल, असा तो प्रकार होता. त्या दिवशी पुष्कळांनी संगणक बंदच ठेवले.

त्या काळची तपासणी आज बाळबोध वाटते. दुसऱ्याची फ्लॉपी आली की आधी तिच्यावर विषाणू शोधणारा कार्यक्रम चालवायचा. आपली फ्लॉपी दुसऱ्याला देताना तिची खिटी सरकवून ती लिहिण्यासाठी बंद करायची. ती छोटीशी खिटी म्हणजे एक प्रकारचे मोर्तबच होते.

या कथेत पुणे येते ते कैलास आणि संजय काटकर या भावांमुळे. कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकलेले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले, तेव्हा धाकट्याने त्यांचा बंदोबस्त करणारे कार्यक्रम लिहायला घेतले. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्याला 'क्विक हील' तयार झाले. २००७ साली कंपनीने तेच नाव धारण केले आणि २०१६ साली ती शेअर बाजारात आली. मंगळवार पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानातून निघालेले हे काम आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या संगणकांवर पोहोचले.

अशा कार्यक्रमांची मूळ रीत सोपी आहे. सापडलेल्या प्रत्येक विषाणूची एक खूण नोंदवून ठेवायची आणि नव्या फाइलीत ती खूण आहे का ते पाहायचे. पोलीस ठाण्यात लावलेल्या फरारींच्या फोटोंसारखी ही यादी असते. अडचणही तीच आहे. कालच चोर झालेल्याचा फोटो त्या यादीत नसतो. यादी ताजी नसेल तर पहारेकरी जागा असून आंधळा. पुढे फाइल काय करू पाहते, इतर फाइलींशी छेडछाड करते का, यावरही हे कार्यक्रम नजर ठेवू लागले.

सीमेवरचे मराठी टंक

या सगळ्याला आपल्या भागात एक वेगळे वळण होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. नाती, लग्ने, बाजार चालू राहिले, पण छापखान्याची सोय दुभंगली. डीटीपीच्या दुकानांत कन्नडसाठी 'नुडी' आणि 'बरह' असत. मराठी मजकूर जुळवायचा तर श्रीलिपी, आकृती किंवा 'सुरेख' टंक लागत. ते दुकानात नसले की कोणीतरी लातूरहून किंवा सोलापूरहून फ्लॉपीत घालून आणी. कोणी ओळखीच्या ओळखीतून सीडी मिळवी. इंटरनेट आल्यावर कोणत्या तरी अनोळखी ठिकाणाहून 'फुकट मराठी फॉन्ट' उतरवून घेतला जाई. पैसे भरून परवाना घ्यायचा असतो, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते. आमच्याही नव्हते, हे कबूल करतो.

मातृभाषेत चार ओळी छापायच्या म्हणून जे घेतले, त्याबरोबर काय काय घरात आले याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. पुढे युनिकोड रुळले, विंडोजमध्येच देवनागरी मिळू लागली आणि ही गरज बरीच ओसरली. सवय मात्र मागे राहिली. गुरुचरित्राची पीडीएफ, गाणगापूरच्या पालखीचा व्हिडिओ, आरत्यांचा संच, जे दिसेल ते उतरवून घ्यायचे आणि दोनदा टिचकी मारायची.

ओळखीच्या माणसाचे पत्र

मे २००० मध्ये जगभरच्या संगणकांवर 'आय लव्ह यू' असा विषय असलेली ईमेल येऊ लागली. तिचा उगम फिलिपिन्समध्ये होता. ती अनोळखी पत्त्यावरून येत नसे. ज्याचा संगणक बाधित झाला त्याच्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर ती आपोआप जाई. म्हणजे पत्र खरोखरच मित्राच्या किंवा साहेबाच्या नावाने येई. जोडलेली फाइल साधा मजकूर वाटे, कारण नावात 'टीएक्सटी' ही अक्षरे दिसत. त्यामागची खरी शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, 'व्हीबीएस' ही होती आणि विंडोज ती लपवून ठेवी. उघडली की तो मजकूर नसे, कार्यक्रम असे. पुन्हा गवानचेच पत्र. नाव खरे, आतला मजकूर परका.

नंतर पेनड्राइव्हचे दिवस आले. फोटो स्टुडिओतून, झेरॉक्सच्या दुकानातून, कॉलेजातून पेनड्राइव्ह फिरत आणि लावल्याबरोबर त्यातला कार्यक्रम आपोआप चालू होई. २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधली ही आपोआप चालण्याची सोय बंद केली, तेव्हा हा उपद्रव कमी झाला.

श्रावण, २०१९

आता आमची गोष्ट. त्या वर्षी श्रावणाच्या सुरुवातीला स्मरणिकेची पाने जुळवायचे काम चालू होते. पाने लावायच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली. नवा परवाना घ्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, निदान आम्हांला तसे वाटले. आमच्यापैकी एकाने त्याच सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत इंटरनेटवरून उतरवली. सोबत सूचनांचा कागद होता. त्यातली पहिलीच सूचना अशी की, हे चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो उगाच धोक्याची सूचना देईल.

आम्ही बंद केला. घरात येण्याआधी पहारेकऱ्याला झोपवा म्हणणारा पाहुणा कोण असतो, हे तेव्हा सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावाला एक अनोळखी शेपटी लागली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी होती. घरगुती संगणकांवर अशाच चोरट्या सॉफ्टवेअरमधून पसरणाऱ्या 'स्टॉप' नावाच्या खंडणीखोर टोळीचा तो प्रकार होता. बारा वर्षांच्या स्मरणिकांची पाने, जुने फोटो, आणि त्याबरोबर एक ध्वनिमुद्रण गेले. आमच्या एका सभासदाच्या आजींनी १९४८ सालच्या रझाकारी दिवसांच्या आठवणी सांगितल्या होत्या. रात्रीतून गाव कसे सोडले, दागिने कोणत्या आडात टाकले, कोणाच्या घरी भाकरी मिळाली. आजी २०१७ साली गेल्या. ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत नव्हती.

खंडणी दिली नाही. चोराच्या शब्दावर पैसे मोजणे म्हणजे पुन्हा न तपासता विश्वास ठेवणे, असे समितीतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. बिघडलेल्या फाइली पुसल्या नाहीत, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवल्या, हे मात्र शहाणपणाचे ठरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने, मायकेल गिलेस्पी या संशोधकाच्या मदतीने, या टोळीच्या १४८ प्रकारांवरची किल्ली फुकट उपलब्ध केली. तिची एक अट होती. कुलूप लागलेली फाइल आणि तीच फाइल मूळ स्वरूपात, अशी जोडी हवी. मग घरोघर जुन्या सीडींचा शोध सुरू झाला. कोणाच्या कपाटात लग्नाच्या अल्बमची सीडी निघाली, कोणाच्या जुन्या ईमेलमध्ये फोटो सापडले. ज्या प्रकारच्या फाइलींची जोडी मिळाली त्या उघडल्या. स्मरणिकेची जुळवलेली पाने कायमची गेली, त्यांच्या छापील प्रतीच आता राहिल्या आहेत.

आजींचे ध्वनिमुद्रण वेगळ्या वाटेने परत आले. ही टोळी घाईत असते. प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा, सुमारे दीडशे किलोबाइटचा भागच ती कुलूपबंद करते आणि पुढच्या फाइलीकडे वळते. मोठ्या ध्वनिफितीचा उरलेला भाग तसाच असतो. बिघडलेला तुकडा कापल्यावर आजींचा आवाज खोलीत ऐकू आला तेव्हा कोणीच बोलले नाही. गेली ती फक्त सुरुवातीची काही सेकंदे. त्या सेकंदांत त्यांनी स्वत:चे नाव आणि माहेरचे गाव सांगितले होते. आता ध्वनिमुद्रण वाक्याच्या मधूनच सुरू होते. त्यांचे नाव आम्ही डिस्कच्या वेष्टनावर हाताने लिहून ठेवले आहे.

आमची तपासणी

त्यानंतर नियम ठरला. तो कोणत्याही घरात पाळता येईल असा आहे.

फाइल कोठून आली ते आधी पाहतो. सॉफ्टवेअर हवे असेल तर ते बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्यायचे. शोध घेतल्यावर वर दिसते ती कित्येकदा जाहिरात असते, तिच्यावर टिचकी मारायची नाही. 'डाउनलोड' असे लिहिलेली तीन बटणे एका पानावर दिसली तर ते पान बंद करायचे.

मग शेपटी पाहतो. विंडोजमध्ये फाइलची पूर्ण नावे दिसतील अशी सोय सुरू करून ठेवली आहे. लेख म्हणून आलेल्या फाइलचे नाव 'ईएक्सई'ने संपत असेल तर तो लेख नाही.

त्यानंतर यादीशी ताडून पाहतो. विंडोज ८पासून संगणकाबरोबरच येणारा डिफेंडर असो की विकत घेतलेला अँटिव्हायरस, त्याची यादी रोज ताजी हवी. शंका असेल तर 'व्हायरसटोटल'वर फाइल चढवतो. स्पेनमधल्या मालागा शहरात २००४ साली सुरू झालेली ही सेवा २०१२पासून गूगलकडे आहे. ती सत्तरएक तपासनिसांचे मत एकदम देते. तिथे चढवलेली फाइल इतर संशोधकांनाही पाहता येते, म्हणून आधार कार्ड, सातबारा, बँकेचे कागद तिथे चढवायचे नाहीत. सर्वांनी निर्दोष म्हटले तरी फाइल नक्की निर्दोष ठरत नाही, तिच्यावर अजून कोणी बोट ठेवलेले नाही एवढेच कळते. पहारेकरी जागा आहे का हे पाहायला 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. ती उतरवल्यावर अँटिव्हायरस ओरडला नाही, तर तो झोपलेला आहे.

शेवटी शिक्का आणि मोर्तब. चांगल्या सॉफ्टवेअरवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, तो शिक्का. काही ठिकाणी फाइलशेजारी 'शा-२५६' नावाची ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते. आपल्याकडे उतरलेल्या फाइलची तशीच ओळ काढून ताडून पाहायची. एक अक्षर बदलले तरी सगळी ओळ बदलते. हे आजचे मोर्तब.

एवढे करूनही गाफील राहता येत नाही. २०१७ साली 'सीक्लीनर' या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत बनवणाऱ्यांच्याच यंत्रणेत शिरून कोणी घातक भाग मिसळला. अधिकृत संकेतस्थळ, अस्सल डिजिटल सही, आणि आत परका मजकूर. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोहोचली. गवानचा शिक्का पुन्हा एकदा भलत्या कागदावर उठला होता. म्हणून आमचा शेवटचा नियम तपासणीच्या पलीकडचा आहे. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती ठेवायच्या. त्यांतली एक संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर आणि दुसऱ्याच गावात. आमची ती डिस्क सध्या कलबुर्गीत एका सभासदाच्या देवघरातल्या कपाटात आहे.

हल्ली हाच धोका मोबाइलवर आला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून फाइल येते, नावाच्या शेवटी 'एपीके' असते. पत्रिका कधी एपीके नसते. तो कार्यक्रम असतो, तो मोबाइलमध्ये शिरून बँकेचे ओटीपी वाचतो आणि पुढच्या सोयऱ्यांना आपल्याच नावाने तीच पत्रिका पाठवतो. पाठवणारा मामा खरा असतो, पत्रिका खोटी. अशी पत्रिका आली तर मामांना फोन करावा. चार गोष्टीही होतील. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. बाधित संगणक साफ करायला केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची साधने २०१७पासून फुकट मिळतात.

समितीतली मुले विचारतात, आपल्या माणसावर अविश्वास दाखवायचा का? आम्हांला तो अविश्वास वाटत नाही. सुलतानाने गवानवर संशय घेतला, पण पत्राची तपासणी केली नाही. आपण उलटे करावे. माणसावर विश्वास ठेवावा आणि कागद तपासावा. एक फोन केला, एक ओळ ताडून पाहिली, तर माणूसही वाचतो आणि घरही.

ज्या देवाचा हा उत्सव आहे त्यानेही हेच केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मध्ये थांबायचे नाही, अशी अट घालून गणपती महाभारत लिहायला बसला. व्यासांनीही उलट अट घातली की, अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. बुद्धिदात्यालाही समजून घेण्यासाठी क्षणभर थांबावे लागे. यंदा लेख पाठवताना आपणही फाइलबरोबर एक फोन करावा आणि लेख माझाच आहे असे सांगावे, ही सर्व सभासदांना विनंती. आजींच्या नावासारखे आणखी एखादे नाव आम्हांला गमवायचे नाही.

गणपती बाप्पा मोरया!